झाकणच तर आहे

दुर्बिणीचा घेर मी दोऱ्यानं मोजून आणलाय.
दोऱ्याला दोन गाठी :
एक पुढच्या काचेची, एक डोळ्याकडची.
कुह्मोला, बसथांब्यासमोर, टाऊनोचं दुकान.
त्यानं काउंटरवर सहा जोड मांडलेत
आणि प्रत्येकाबद्दल तो तेच म्हणतो,
टिकेल, रैया, टिकेल.

मी एकेक उघडते, मिटते.
हे स्प्रिंगचं. बोट लागताच टक् करून उभं राहतं.
दुकानात हा आवाज काहीच नाही.
पण पहाटे, दलदलीच्या काठाशी, वारा पडलेला असताना
टक् म्हणजे कुणीतरी दार आपटलं.
मूस मान वर करतो, कान इकडे वळवतो,
मग तिथे नुसते बर्च उभे असतात.
नको.

हे पारदर्शक. लावलेलं असतानाही दिसतं म्हणे.
दिसतं, टाऊनो,
दुधाच्या पिशवीतून दिसावं तसं.

हे रबरी, दोन टोप्या आणि मधे ताणायची पट्टी.
आमच्या घरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता,
नवऱ्यानं कापलेला, कडा वेड्यावाकड्या.
चौदा हिवाळे चालला.
मग त्याला भेगा पडल्या, टाचांना पडतात तशा,
आणि मी शहाणपणा करून
स्वस्तातलं प्लॅस्टिकचं विकत घेतलं.

"झाकणच तर आहे," टाऊनो म्हणतो
आणि लगेच काउंटर पुसायला लागतो.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या ऑक्टोबरात बिजागरी गारठून अडली.
डोळ्याकडचं झाकण अर्धंच उघडलं, लोंबत राहिलं,
चित्राच्या खालून सावली चढली.
ऐंशी मीटर. दुसरी संधी नव्हती.
पुरेसं दिसतंय, मी स्वतःला म्हटलं,
आणि त्या दोन शब्दांवर बोट दाबलं.

नंतर लिंगनबेरीच्या झुडपांतून खाली वाकून चालत गेलो.
लाल थेंब, लाल फळं.
कुठलं काय ते हल्लाला कळत होतं,
मला नाही.
अंधार पडला. ओइवा म्हणाला, सकाळी.
त्या रात्री माझ्या अंथरुणात
मी सोडून सगळं थंड होतं.

नऊ वाजता कुत्रीनं भुंकून जागा दाखवली.
तो पाण्यात उभा होता, गुडघ्याइतक्या.
अजून उभा.
गोळी ओइवानं घातली.
परतताना त्यानं थर्मासचं झाकण भरून
कॉफी पुढे केली, बोलला काही नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

तर टाऊनो, दोन जोड दे. एक परत आणीन.

घरी आल्यावर दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवले,
पाइक माशाच्या तुकड्यांशेजारी, उणे बावीसवर.
सकाळी हातमोजे घालून काढले.
पहिल्याची कडी ओढली
आणि कडीच हातात आली.
बिस्किटासारखा आवाज झाला.
टेबलाखाली हल्लाचा डावा कान उठला.

दुसरं जाड, बोजड, दिसायला अगदीच ठोंबस,
किंमत दुप्पट. बिजागरीत स्प्रिंग नाही,
बोटानं ढकलाल तितकंच उघडतं,
सोडाल तिथे थांबतं.
रिकामी बंदूक भिंतीकडे रोखून, ते चढवून,
मी उघडलं, मिटलं.
पुन्हा. खिडकीत उजेड येईपर्यंत.
मोजायचं सोडून दिलं होतं.

खाली पाहिलं.
हल्ला झोपलेली. पोट हलत होतं,
कान नाही.

मोडकं पिशवीत भरलं, दोराही त्यातच टाकला.
टाऊनो दहाला उघडतो.